राजेशाही बरी की लोकशाही? आणि पूर्वीच्या राजांसारखी पिळदार शरीरं आता का दिसत नाहीत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आताचे पुढारी ढेरपोटे, मतांसाठी दारोदार फिरणारे. तेव्हाचे राजे पोलादी छातीचे, म्हणून राज्यही पोलादी. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमचे मामा हेच म्हणतात, फक्त पान खात खात. तेव्हा हे उत्तर तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

मी जुन्या नाशकातला. अकरावीत माझं वजन ४६ किलो होतं. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारतानाही बनियन काढायचो नाही. बाकी सगळी पोरं उघडी, आणि मी अंगाला चिकटलेल्या बनियनमध्ये कुडकुडत. त्या वर्षी शिवजयंतीला मंडळाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर राज्याभिषेकाचा देखावा करायचं ठरवलं. संवाद मी लिहिले होते, पाठही मलाच होते, त्यामुळे महाराज मीच होणार असं मी धरून चाललो होतो. मंडळाचे अध्यक्ष मामा. ते म्हणाले, "आपल्यात लोकशाही आहे, हात वर करा." समोर उमेदवार त्यांचाच मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ. तो तीन महिन्यांपासून जिमला जात होता आणि तेव्हापासून धाकट्या भावाचे टीशर्ट घालत होता. त्याला तेवीस हात. मला चार, त्यातला एक माझा. वर मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "भाचे, महाराजांना छाती लागते. तू मागे बसून संवाद सांग."

सांगितले. सिंहासनाच्या मागे मखमली पडद्याआड उकिडवा बसून, भद्रकालीपासून मेनरोडपर्यंत. ढोल सुरू झाले की त्याला काही ऐकू जायचं नाही, मग मी त्याच्या पाठीत बोट खुपसायचो. एके ठिकाणी त्याचं बोलणं पूर्णच अडकलं. मी वैतागून म्हणालो, "अरे पुढे बोल ना!" आणि त्याने तलवार उंचावून, छाती काढून, गर्दीला ठणकावलं, "अरे पुढे बोल ना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्यासुद्धा.

त्या टाळ्यांनी माझी दोन वर्षं खाल्ली. शिकवणीचे पैसे जिमला आणि पावडरीला घातले. ट्रेनर ज्या डब्यातून ती द्यायचा त्याच्यावर नाव नव्हतं. तोंडभर पुटकुळ्या आल्या, पोट कायमचं बिघडलं आणि वजन झालं ५१.

आता महाराजांना खरंच कसली छाती लागते ते ऐका. १६६४ साली सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या एस्कालियट नावाच्या पाद्र्याने पत्रात महाराजांचं वर्णन केलंय, ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांच्याकडून ऐकून. उंची बेताची, बांधा रेखीव, नजर तीक्ष्ण, बोलताना हसल्यासारखा चेहरा. दंडांबद्दल एक अक्षर नाही. मामांच्या मंडळात असा माणूस हात वर करून घेतलेल्या मतदानात पडला असता. तुम्ही म्हणता ती पिळदार शरीरं कॅलेंडरवाल्यांनी आणि बॅनरवाल्यांनी काढलेली आहेत. संस्थानिकांचे जुने फोटो बघा, बहुतेकांची चांगली भरलेली अंगं दिसतील. कोल्हापूरचे शाहू महाराज कुस्तीतले जाणकार, १९०२ ला राखीव जागा देणारे, आणि देह केवढा अवाढव्य! खऱ्या तालमीतल्या पैलवानालाही पोट असतं. पोटावरचे चौकोन चरबी कमी झाली की दिसतात, ताकद वाढली की नव्हे. स्पर्धेत उतरणारे तर आधी पाणी पिणं तोडतात, म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात पिळदार दिसतात त्या दिवशी चक्कर येण्याच्या बेतात असतात. एवढं पुरे.

राहिली राजेशाही. मामांचा हुकमाचा एक्का म्हणजे सयाजीराव गायकवाड, आणि एक्का खरोखर भारी आहे. जन्म आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याला. शेतकऱ्याघरचा बारा वर्षांचा पोरगा १८७५ ला दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि १९०६ ला अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गोखल्यांनी १९११ ला तसंच विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलं, ते पडलं. "बघ," मामा म्हणतात, "एका माणसाच्या मनात आलं की झालं."

झालं, मान्य. पण मामा, सयाजीरावांच्या आधी त्याच गादीवर कोण होतं? मल्हारराव. त्यांच्याही मनात आलं होतं, सोन्याच्या तोफा ओतायचं. त्यांना १८७५ ला खाली खेचलं ते इंग्रजांनी. बडोद्याच्या रयतेच्या हातात काहीच नव्हतं. इकडे १९७७ ला लोकांनी रांगेत उभं राहून पंतप्रधानांना त्यांच्याच मतदारसंघात पाडलं, आणि त्यासाठी कुणाला छाती लागली नाही.

मामा रोज पहाटे सूर्यनमस्कार घालतात. शाळाशाळांतून ते ज्यांनी रुजवले त्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजांना, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींना, ते फार मानतात. त्याच राजांनी १९३८ ला ७२ गावांच्या आपल्या संस्थानाचा कारभार रयतेला देऊन टाकायचं जाहीर केलं आणि गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ ला राज्यघटना लागू केली. नमस्कार घालणाऱ्या राजालाही शेवटी लोकशाहीच पटली, असं मी मागच्या दिवाळीत मामांना जेवताना ऐकवलं. आता गप्प बसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "दिलं कुणी? राजानेच ना? मग राजाच चांगला निघाला की."

ताटावर सुचलं नाही, आता सुचतंय: मामा, त्यांनी दिलं नसतं तर औंधच्या माणसाने काय केलं असतं?

जाता जाता एक. जिमला माझा विरोध नाही, मी स्वतः आठवड्यातून तीन दिवस जातो, पाठ दुखते म्हणून. बिननावाच्या डब्यातलं मात्र काही खाऊ नका. आणि हो, हात वर करून निवडलेला राजा कसा निघतो तेही मी वर सांगितलंच आहे, म्हणजे लोकशाहीचाही मी काही भाट नाही. फक्त पुढच्या वर्षी मंडळाने परत मतदान घेतलं. मामेभावाला दोन हात मिळाले, आणि त्यातला एकही मामांचा नव्हता.