होरेशिओला काढून टाकलं तर चालेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कॉलेजच्या एकांकिकेसाठी शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' छोटं करून बसवतोय, वेळ पाऊण तास, त्यामुळे पात्रं कमी करायचीयत. आमचा दिग्दर्शक म्हणतो हॅम्लेटचा मित्र होरेशिओ काढून टाकू, तो काहीच करत नाही, नुसता हॅम्लेटच्या हो ला हो करत फिरतो. मला ते पटत नाहीये पण का ते नीट सांगता येत नाहीये.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अरे, तुझं बरोबर आहे, अजिबात काढू देऊ नकोस. वरवर बघितलं तर तो खरंच काही करत नाही, तलवार उचलत नाही, कट रचत नाही, त्याला एक स्वगतसुद्धा नाही. पण डेन्मार्कमधल्या एल्सिनोरच्या त्या राजवाड्यात हॅम्लेटभोवती बाकी कोण कोण आहे ते बघ ना. काका, म्हणजे आताचा राजा, बापाचा खुनी, आईने त्याच काकाशी लग्न केलेलं, हॅम्लेटच्या प्रेयसीला, ऑफीलियाला, तिचाच बाप पोलोनियस आमिष म्हणून पुढे करतो आणि स्वतः राजाबरोबर लपून ऐकतो, आणि रोझेनक्रान्ट्झ-गिल्डनस्टर्न हे लहानपणीचे दोस्त, त्यांना तर राजाने ह्याच्या मनातलं काढून घ्यायलाच बोलावलंय. हॅम्लेट गिल्डनस्टर्नपुढे बासरी धरतो, वाजव म्हणतो, तो म्हणतो मला येत नाही, तेव्हा हॅम्लेट जो भडकतो, की एवढीशी बासरी वाजवता येत नाही आणि मला वाजवायला निघालास!

ह्या सगळ्यांत विटेनबर्गच्या विद्यापीठात बरोबर शिकलेला हा एकच मित्र असा की ज्याला हॅम्लेटकडून काहीही नकोय. सुरुवातीला तो स्वतःला सेवक म्हणवतो तर हॅम्लेट लगेच म्हणतो, सेवक नाही, मित्र. आणि तिसऱ्या अंकात तर स्पष्टच सांगतो की तुझ्याकडे पैसा नाही, तुझी खुशामत करून मला काय मिळणार, पण जो माणूस आपल्या विकारांचा गुलाम नाही त्याला मी काळजात ठेवीन. आणि लगेच काम देतो, आता दरबारातल्या नटांच्या खेळात बापाच्या खुनासारखाच प्रवेश होणारे, तेव्हा काकाच्या चेहऱ्यावर नजर ठेव. म्हणजे काकानेच खून केला असं सांगणारं बापाचं भूत खरं बोललं का हे ठरवायला त्याला स्वतःचे डोळे पुरत नाहीत, होरेशिओचे पण लागतात.

हो ला हो म्हणशील तर तेही खरं नाही. भुताच्या मागे जाऊ नकोस म्हणून तो हॅम्लेटला अडवतो, शेवटच्या द्वंद्वाआधी म्हणतो मन घेत नसेल तर नको खेळूस, मी सांगतो त्यांना तुला बरं नाही म्हणून. दोन्ही वेळा हॅम्लेट ऐकत नाही. एक जागा मात्र मला स्वतःला खटकते, हॅम्लेटने स्वतःला मारायचं राजाचं पत्र बदलून त्या दोघा दोस्तांना मरायला धाडलं हे कळल्यावर तो जेमतेम एक ओळ बोलतो, तिथे त्याने जास्त बोलायला हवं होतं असं मला प्रत्येक वाचनात वाटतं.

आणि शेवट तर त्याच्याशिवाय होऊच शकत नाही. दरबारासमोर राणी, राजा, ऑफीलियाचा भाऊ लेआर्टिस सगळे मेलेत, हॅम्लेट मरायला टेकलाय, आणि होरेशिओ उरलेलं विष प्यायला निघतो. तेव्हा मरता मरता हॅम्लेट त्याच्या हातातला पेला हिसकावून घेतो, म्हणतो ह्या क्रूर जगात अजून थोडे दिवस श्वास घे आणि माझी हकीगत सांग. कारण लोकांना दिसणार काय, एका वेड्या राजपुत्राने राजाला मारलं एवढंच, भुतापासून पत्रापर्यंत सगळं माहीत असलेला जिवंत माणूस हा एकटाच. मित्राबरोबर मरायची त्याची तयारी होती, त्याला मागे राहायला सांगितलं जातं आणि तो राहतो.

पाऊण तासासाठी नॉर्वेच्या राजपुत्राचा, फोर्टिनब्रासचा, सगळा भाग काढा, पोलोनियसच्या लांबलचक भाषणांना बिनधास्त कात्री लावा. मग होरेशिओला शेवटी थेट प्रेक्षकांनाच सांगू दे काय काय झालं ते. आणि लायब्ररीत आगरकरांचं 'विकारविलसित' मिळालं तर नक्की बघ, 1883 चं आहे, भाषा जड वाटेल पण ते हॅम्लेटच आहे, संवाद लिहिताना उपयोग होईल.