उजव्या सीटवरून

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘सर, गेलेल्या माणसावर ठपका ठेवणारा कागद मी वाचायचा कशाला?’ रागावली आहेस, आणि ते मला समजतं. कॅप्टन दीपक साठेंसोबत उड्डाण केलेल्या कुणालाही त्यांच्या अपघाताच्या तपासाचा तो अहवाल जिव्हारी लागणारच. तरी वाच. का, ते सांगतो.

7 ऑगस्ट 2020 ची रात्र आपल्यातलं कुणी विसरलेलं नाही. कोविडात परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेचं विमान दुबईहून आलं, कोझिकोडच्या पावसात टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरची, धावपट्टी संपवून खाली कोसळलं. 190 जणांपैकी 21 गेले, आपले दोघं वैमानिकही. दुसऱ्या दिवशी आपली माणसं कशी वागत होती आठवतं? रडलं कुणीच नाही. डिस्पॅचला जो तो हवामानाचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होता आणि ‘वारा किती?’ विचारताना आवाज उगाच चढत होता. बाहेरच्याला वाटेल, यांना काहीच वाटत नाही. रोस्टर थांबत नाही, त्यामुळे आपला शोक असा कामातच मुरतो.

त्यात व्हॉट्सॲपने घोळ घातला. इंजिन बंद करून आग टाळली, म्हणून एवढे वाचले, असा मेसेज तपासाची सुरुवातही झाली नव्हती तेव्हा घरोघरी पोचला होता. चॅनलवाले दुसऱ्या टोकाला. अशा वेळी ग्रुप म्यूट करायचा, फॉरवर्ड काही करायचं नाही. साठेंचे आई-वडील नागपूरला, घर मुंबईत, ते स्वतः वायुदलातले विंग कमांडर, ॲकॅडमीतून स्वॉर्ड ऑफ ऑनर घेऊन निघालेले. मराठी पेपरांनी भरभरून लिहिलं ते योग्यच होतं. अहवालाने यातलं काहीही पुसलेलं नाही.

अहवाल काय म्हणतो? पहिल्या प्रयत्नात गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं. डाव्या बाजूचा वायपर त्याच अप्रोचला बंद पडला होता. मग उलट बाजूने, पाठीमागून वारा असताना, दुसरा अप्रोच. 8858 फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती 4438 फुटांवर. म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडली होती. वर दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइटही साठेंनाच न्यायची, त्याचं ओझं, कारण कोझिकोडला कॅप्टन एकच आणि फर्स्ट ऑफिसर 26. हा आकडा वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. ठपका एकट्या माणसावर नाही, कंपनीच्या कारभारावरही आहे. पण ते मधल्या पानांत, आणि तिथवर जायला तू तयार नाहीस.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये अखिलेश कुमार यांचं नाव नाही. फर्स्ट ऑफिसर होते ते, तू बसतेस त्याच सीटवर. ‘गो-अराउंड’ असं ते म्हणाले होते. अहवाल पुढे लिहितो की विमान टेकायची जागा ओलांडून पुढे गेलं तरी त्यांनी कंट्रोल हाती घेतलं नाही. वाचायला निर्दय वाटतं. ज्येष्ठ कॅप्टन, रात्र, पाऊस, आणि हातात मोजके सेकंद. घरात बसून ‘त्याने घ्यायला हवं होतं’ म्हणणाऱ्याला मी दाराबाहेर काढीन. पण तू घरात बसलेली नाहीस. 2010 मध्ये मंगळूरच्या विमान अपघातात 158 माणसं गेली, तिथेही उजव्या सीटवरून गो-अराउंड म्हटलं गेलं होतं. दहा वर्षांनी तेच, आणि मधल्या काळात आपण सगळे सेफ्टीच्या मीटिंगांना चहा पीत होतो.

तेव्हा त्या दोघांसाठी काही करायचंच असेल तर पुढच्या सिम्युलेटरला इन्स्ट्रक्टरला आधी सांगून ठेव की टेकओव्हरचा, म्हणजे कॅप्टनकडून कंट्रोल हाती घेण्याचा, सराव हवाय. ‘आय हॅव कंट्रोल’ मोठ्याने म्हणायचं, पुटपुटायचं नाही. ‘सर’ जोडू नकोस. आपल्या तोंडात ते बसलेलं असतं आणि त्याने वाक्य विनंतीसारखं होतं. जमिनीवर कॅप्टनच्या पाया पड हवं तर. आणि चांगला कॅप्टन ब्रीफिंगमध्येच सांगतो, ‘बोललीस तर मी ऐकेन.’ नाही सांगितलं तर तू विचार.

झोप लागत नाही म्हणालीस, म्हणून हेही लिहितो. झोप नसेल तर ‘अनफिट’ कळवायचं. मेडिकलचं काय होईल या भीतीने गप्प बसून उडणं हा शूरपणा नव्हे. मला फोन कर, रात्री दोनला केलास तरी उचलेन.

रविवारी जेवायला ये. काकूने थालीपीठ लावायचं ठरवलंय. अहवालाची प्रिंट घेऊन ये, जिथे राग येईल तिथे पेन्सिलीने खूण कर, आपण तीच पानं आधी वाचू.

तुझा,
सर