हार्ड डिस्क बदलण्याआधी पेनड्राइव्ह तपासा

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर उबंटू 22.04 ही लिनक्स सिस्टीम टाकतोय. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आयएसओ फाइल (इन्स्टॉलसाठीची एकत्रित फाइल) उतरवली; डाउनलोड दोनदा तुटलं, तिथूनच पुढे चालू केलं. पेनड्राइव्हवरून सुरू करताना 'एरर्स फाउंड इन 1 फाइल्स' असं आलं, तरी पुढे गेलो. इन्स्टॉल अर्ध्यावर 'एरर्नो 5' दाखवून थांबतं. दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क गेली. बदलू का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : इतक्यात नको. 'एरर्नो 5' म्हणजे वाचता-लिहिताना अडलं, एवढंच. ते डिस्कवर अडलं की पेनड्राइव्हवर, हे त्यातून कळत नाही. तुमच्या बाबतीत संशय आधी फाइलवर जातो.

विंडोजमध्ये आयएसओच्या फोल्डरात पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. 'गेट-फाइलहॅश' इंग्रजीत, मधे हायफन देऊन टाइप करा, एक स्पेस सोडा, फाइलच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा आणि एंटर. 64 अक्षरी एसएचए-256 बेरीज, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, येईल. ती उबंटूच्याच रिलीज पानावरच्या 'एसएचए256सम्स' फाइलशी ताडून पाहा. पॉवरशेल कॅपिटल अक्षरं दाखवतं, तिथे लहान असतात. त्याने फरक पडत नाही. फाइलचा आकार जुळला म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. मधला एखादा तुकडा बिघडला तरी आकार तोच राहतो.

बेरीज जुळली नाही, तर चार-साडेचार जीबी पुन्हा उतरवण्याची गरज नाही. त्याच आवृत्तीचा अधिकृत टॉरेंट (फाइल तुकड्या-तुकड्यांनी तपासून उतरवण्याची सोय) घ्या, बिघडलेली आयएसओ त्याच नावाने टॉरेंटच्या फोल्डरात ठेवा आणि टॉरेंटच्या प्रोग्राममध्ये 'फोर्स रीचेक' द्या. खराब तुकडे तेवढे नव्याने येतात. रोजच्या डेटा पॅकवर भागवणाऱ्यांनी सुरुवातच टॉरेंटने करावी. एकाच फाइलची बेरीज दर वेळी वेगळी येत असेल, तर रॅम तपासा. रॅम तपासणारा मेमटेस्ट86+ रात्रभर चालू द्या.

बेरीज जुळली, तर मग पेनड्राइव्ह. आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारा बलेना एचर हा प्रोग्राम लिहून झाल्यावर परत वाचून पडताळतो. ती पायरी 'स्किप' करू नका. उबंटूची सुरुवातीची तपासणीही कंट्रोल-सी दाबून मोडू नका. लाइव्ह उबंटूत (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) 'रन' फोल्डरातल्या 'कॅस्पर-एमडी5चेक.जेसन'मध्ये न जुळलेल्या फाइलचं नाव असतं. नाव 'ग्रब.सीएफजी' असेल, तर पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रामनेच ती बदललेली असू शकते. 'स्क्वॅशएफएस'ने संपणारं असेल, तर सगळी सिस्टीम त्यातच असते. तिथे पुढे जाण्यात अर्थ नाही.

हे सगळं निर्दोष निघूनही अडलं, तरच 'डिस्क्स' ॲपमधला स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) उघडा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) शून्याच्या वर असेल, तर दुकानदार बरोबर आहे.

प्रश्न : आठवडी बाजारात स्वस्तात घेतलेला 64 जीबीचा पेनड्राइव्ह यासाठी चालेल का?
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : आधी तो रिकामा करून एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून परत वाचा. नकली ड्राइव्हमध्ये चिप समजा 8 जीबीची असते आणि कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) 64 सांगतो. आयएसओ 8 जीबीत मावते, म्हणून खोटेपणा लगेच उघड होत नाही. सेकंदाला 10 एमबी वेग धरला तर 64 जीबी लिहायलाच पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. लाइटचा अंदाज घेऊनच बसा.