रात्रपाळी आणि शांत समय

“मॅडम, संडे स्कूलच्या मुलांना प्रार्थना शिकवते आणि स्वतः देवासमोर पंधरा मिनिटं बसू शकत नाही.”

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली ती नगरकडची, पुण्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आलटून-पालटून नाइट ड्युटी, दोन मुलं, सासूबाई. शिवाय चर्चचं संडे स्कूल, महिला मंडळ, क्वायर (गायकवृंद), शुक्रवारची घरसभा (घरात भरणारी प्रार्थनासभा). पहाटे शांत समयाला, म्हणजे एकटीने देवासमोर प्रार्थनेला, बसली की डोळा लागायचा आणि दिवसभर मन खात राहायचं.

झोप, भूक, मुलांतलं लक्ष हे मी आधी विचारून घेतलं. तेही उडालेलं असेल तर प्रश्न वेळेचा नसतो, डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. तिचं तसं नव्हतं.

तिला कोणीतरी बायबलमधलं मार्क 1:35 ऐकवलं होतं: येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. हे वचन आपल्याकडे छडीसारखं वापरतात. मी तिला मागचं-पुढचंही वाचायला लावलं. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं. सकाळी शिष्य शिमोन शोधत आला, “सगळे तुम्हाला शोधताहेत.” आणि येशू त्या गर्दीकडे परतला नाही; म्हणाला, आपण दुसऱ्या गावांत जाऊ.

ती जरा थांबून म्हणाली, “म्हणजे क्वायर सोडू?”

मी क्वायरचं नावही काढलं नव्हतं.

तिने वर्षभरासाठी क्वायर सोडला. क्वायरमास्तर रुसले. मंडळीच्या (चर्चच्या) कामाला नाही म्हणणं म्हणजे देवालाच नाही म्हणणं, ही समजूत आपल्यात मुरलेली आहे, आणि खरं सांगायचं तर ती बऱ्याच जणांच्या सोयीची आहे.

पहाटेचा हट्टही आम्ही सोडला. रात्रपाळीसाठी बायबलमधलं स्तोत्र 134 ठरवलं. तीनच वचनं, आणि तीही रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून! वॉर्डातल्या नोंदी संपल्या आणि कुणी हाक मारत नसलं की ती ते मनात म्हणते. मग दोन मिनिटं देवाकडे काही मागायचं नाही. हेच तिला सगळ्यात जड गेलं. घरसभेत आजाऱ्यांची, परीक्षेची, नोकरीची यादी वाचायची सवय. नुसतं गप्प बसलं की वेळ फुकट गेल्यासारखं वाटायचं. अजूनही कधीकधी वाटतं, म्हणते.

सासूबाईंना मात्र हे पटलेलं नाही. गुडघे टेकले नाहीत तर ती प्रार्थना कसली, असा त्यांचा सवाल आहे. पुढच्या भेटीला त्याही येणार आहेत.