फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये (ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या मजकुरात) ‘अपयशी झाल्यास एरर येतो’ एवढं पुरतं का?

नाही पुरत. कुठल्या कारणाने, कुठल्या नावाचा एरर, आणि तोपर्यंत झालेल्या अर्धवट कामाचं काय, हे तिन्ही लिहा.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचंच बघा. मजकुरात शब्द सापडला नाही तर ‘इंडेक्स’ व्हॅल्यू-एरर फेकतं, ‘फाइंड’ मात्र गुपचूप -१ देतं. हिंजवडीच्या ऑफिसात आम्ही ‘फाइंड’ वापरून पत्त्यांमधून पिनकोड काढत होतो: ‘४११’ जिथे सापडेल तिथपासून पुढचं घ्यायचं. एका पत्त्यात पिनकोडच नव्हता. पायथनमध्ये -१ ही जागा म्हणजे शेवटचं अक्षर, त्यामुळे पिनकोडच्या रकान्यात ‘कोथरूड’मधला ‘ड’ जाऊन बसला! एरर कुठेच नाही. आमच्या फंक्शनच्या वर ‘पिनकोड परत देतं’ एवढीच ओळ होती. नसेल तर काय, हे कुणी लिहिलंच नव्हतं. दोन दिवस शोधण्यात गेले.

रस्ट या भाषेतली पद्धत मला फार आवडते: डॉक्युमेंटेशनमध्ये ‘एरर्स’ आणि ‘पॅनिक्स’ (कोड मध्येच बंद पडण्याचे प्रसंग) असे वेगळे मथळे. कुठल्याही भाषेत उचलावी अशी आहे.

तुमचा कोड आत जी लायब्ररी (दुसऱ्यांचा तयार कोड) वापरतो, तिचे एरर मात्र जसेच्या तसे बाहेर सोडू नका. उद्या ती लायब्ररी बदललीत, तर वापरणाऱ्यांचा कोड मोडेल. स्वतःच्या नावाच्या एररमध्ये गुंडाळा आणि तेच नाव लिहा.