प्रश्न तुमचे : संग्रहालयात काम करायचे आहे

प्रश्न : इतिहास विषयातील पदव्युत्तर शिक्षण मी नुकतेच पूर्ण केले आहे. संग्रहालयात काम करण्याची इच्छा शाळेत असल्यापासून आहे. परंतु शिक्षण विभागात जाऊन मुलांना आणि प्रेक्षकांना वस्तूंविषयी सांगावे, की संग्रह विभागात जाऊन वस्तूंच्या नोंदी आणि देखभाल करावी, हे ठरत नाही. ही दोन वेगळी क्षेत्रे असून एकात शिरल्यावर दुसऱ्यात येता येत नाही, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. आपण काय सुचवाल? — इतिहासाची एक विद्यार्थिनी

उत्तर : मोठ्या संग्रहालयांपुरते पाहिले तर तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे खरे वाटते, कारण तेथे हे दोन विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात आणि पुष्कळदा त्यांची गाठ एखाद्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्तानेच पडते. पण कामाचे स्वरूप पाहिले, तर एका विभागाचे काम जिथे संपते तिथूनच दुसऱ्याचे सुरू होते, असे मी दोन्हीकडे काम केल्यानंतर ठामपणे सांगू शकते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने, म्हणजे ‘आयकॉम’ने, २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात संशोधन, संग्रह, जतन, अर्थविवरण आणि प्रदर्शन ही कामे एकाच वाक्यात येतात, आणि हे सारे शिक्षण, आनंद, चिंतन व ज्ञानाची देवाणघेवाण यांसाठी आहे, असेही तीत म्हटले आहे.

हे मला व्याख्येतून समजले नाही, एका लाकडी पेटीमुळे समजले. उमेदवारीच्या काळात मी शाळकरी मुलांच्या एका गटाला दालन दाखवत होते. एका मुलीने पेटीच्या दर्शनी बाजूवरची दोन बारीक भोके पाहून विचारले, “हिला कुलूप होते का, आणि ते कोणी काढले?” मी दाखल-नोंदवही उघडली, तर तेथे केवळ ‘लाकडी पेटी, एक’ इतकेच लिहिलेले होते. देणगीदाराचे पत्र बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्याच एका फाइलमध्ये सापडले आणि त्यात कुलपाचीच नव्हे, तर ते का काढावे लागले याचीही हकिगत होती. नोंद करणाऱ्याने दहा मिनिटे अधिक दिली असती, तर त्या मुलीला उत्तर मिळाले असते. आणि मुलीने विचारले नसते, तर ते पत्र शोधण्याचे कारणच कोणाला पडले नसते.

नोंदीचे महत्त्व किती, याचा अंदाज आकड्यांवरून येतो. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि एका वेळी त्यांतील साधारण एक टक्काच दालनांत मांडलेल्या असतात. उरलेल्या वस्तू जगाच्या दृष्टीने केवळ त्यांच्या नोंदींमुळे अस्तित्वात असतात. याच संग्रहालयातून सुमारे २,००० वस्तू गहाळ, चोरीस गेलेल्या किंवा नुकसान झालेल्या असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले, तेव्हा त्यांतील अनेक वस्तूंची पूर्ण नोंदच झालेली नव्हती, हेही पुढे आले. ज्या वस्तूचे वर्णन, माप आणि छायाचित्र नाही, ती नाहीशी झाली तर नेमके काय गेले हे सांगणेही अवघड होते.

या दोन विभागांत खरा संघर्ष होतो, हेही तुम्हाला आधीच ठाऊक असावे. कापड आणि जलरंगातील चित्रे यांच्यासाठी प्रकाशाची पातळी साधारणपणे ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास ठेवतात, कारण प्रकाशाने होणारे नुकसान साठत जाते आणि ते भरून येत नाही. १०० लक्समध्ये पाच तास ठेवलेल्या कापडाचे जेवढे बिघडते, साधारण तेवढेच ५० लक्समध्ये दहा तासांत बिघडते. शिक्षण विभागाला मात्र मागच्या रांगेतल्या मुलांनाही विणकाम दिसावे असे वाटते आणि शक्य झाल्यास ते त्यांच्या हातात द्यायचे असते. अनेक ठिकाणी यावर हाताळणी-संग्रह हा मार्ग काढलेला आहे : ज्यांच्यासारख्या वस्तू पुष्कळ उपलब्ध आहेत किंवा ज्यांच्या प्रतिकृती करता येतात, अशा वस्तू मुख्य संग्रहापासून वेगळ्या नोंदवून शिकवण्यासाठी राखून ठेवतात. असा संग्रह नीट उभा करणारा माणूस दोन्ही भाषा जाणणारा लागतो, आणि अशी माणसे फार थोडी आहेत.

म्हणून माझा सल्ला असा की, जी जागा आधी मिळेल ती घ्या. पण निवडीची संधी असेल, तर सुरुवात नोंदींपासून करा. वस्तू हातात घेऊन, तिच्याकडे अर्धा तास पाहून, दिसले तेवढेच लिहिण्याची सवय ज्याला लागली, त्याचे बोलणे पुढे दालनातही नेमके राहते. ही सवय नोकरीची वाट न पाहता आजपासून लावता येते. चोरीस गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून अमेरिकेतील गेटी या कला-संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेला ‘ऑब्जेक्ट आयडी’ हा नमुना १९९७ मध्ये जाहीर झाला. छायाचित्रांबरोबर वस्तूचा प्रकार, साहित्य व तंत्र, मापे, वस्तूवरील लेखन व खुणा, ओळखू येणारी वैशिष्ट्ये, शीर्षक, विषय, काळ आणि कर्ता एवढ्या गोष्टी तो विचारतो. घरातील कोणत्याही २० वस्तूंची या पद्धतीने नोंद करा, महिन्याने त्या नोंदी पुन्हा वाचा आणि केवळ नोंदीवरून ती वस्तू दहा तशाच वस्तूंतून वेगळी काढता येईल का, हे तपासा. पहिल्या पाच नोंदी बहुधा निकामी ठरतील. तसे झाले तर नाउमेद होऊ नका. मुलाखतीला जाताना पदवीच्या कागदांबरोबर शेवटच्या पाच नोंदी अवश्य न्या.

प्रश्न : मी १२ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवत आहे. वयाच्या ३८व्या वर्षी संग्रहालयाच्या शिक्षण विभागात जाणे शहाणपणाचे ठरेल का? संग्रहालयशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. — एक शिक्षक

उत्तर : वयाची चिंता करू नका. ३० मुलांचे लक्ष एका जागी टिकवणे ही संग्रहालयातील दुर्मीळ क्षमता आहे आणि ती तुमच्याकडे आहे. पदवी नसली तरी अल्पकालीन प्रमाणपत्र अभ्यासक्रम अवश्य करा, कारण जतनाचे मूलभूत नियम ठाऊक नसतील तर संग्रह विभाग तुमच्यावर विश्वास टाकणार नाही, आणि त्याने तसे करणे योग्यच आहे.

तुम्हाला एक सवय मात्र सोडावी लागेल. वर्गात उत्तर शिक्षकापाशी असते. दालनात ते पुष्कळसे वस्तूपाशी असते आणि तेथपर्यंत मुलांना स्वतः जाऊ द्यावे लागते. मानसशास्त्रज्ञ अॅबिगेल हाउसन आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे शिक्षणप्रमुख राहिलेले फिलिप येनवाइन यांनी चित्र पाहण्याची एक पद्धत विकसित केली. तिचा आधार तीनच प्रश्न आहेत : या चित्रात काय चालले आहे? असे तुम्हाला काय पाहून वाटले? आणखी काय शोधता येईल? यांतील दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण तो मुलाला मतावरून पुराव्याकडे आणतो, आणि शिक्षकालाही मुलाचे बोलणे अखेरपर्यंत ऐकायला लावतो. ही पद्धत सर्वत्र पुरेशी आहे असे मात्र मला वाटत नाही. जिचा उपयोग पाहून कळत नाही अशा वस्तूसमोर मुले केवळ तर्क लढवत राहतात. तेथे योग्य क्षणी एक माहिती द्यावी, आणि ती दिल्यावर पुन्हा गप्प बसावे. तो क्षण ओळखणे हेच या कामातले कौशल्य आहे आणि ते वर्गात १२ वर्षे घालवलेल्या माणसाला लवकर साधते.

नोकरी सोडण्यापूर्वी सुट्टीच्या काळात जवळच्या संग्रहालयाला एक सत्र विनामूल्य घेऊ देण्याची विनंती करा. ४५ मिनिटांत चार वस्तूंहून अधिक घेऊ नका. शिवाय काही दिवस दालनात नुसते बसून राहा आणि लोक कोठे थांबतात, कोणता माहितीफलक अर्धवट सोडून पुढे जातात, एकमेकांशी काय बोलतात, ते टिपून ठेवा. या क्षेत्रातील बऱ्याच जागा मुदतीच्या आणि प्रकल्पापुरत्या असतात, त्यामुळे घरखर्चाची सोय पाहूनच राजीनामा द्यावा.

प्रश्न : एका लहान संग्रहालयात मी स्वयंसेवक आहे. सुमारे ८०० वस्तू आहेत, जुनी नोंदवही अपुरी आहे आणि बऱ्याच वस्तूंवरील क्रमांक पुसले गेले आहेत. सगळे संगणकावर घ्यावे, असे विश्वस्तांचे म्हणणे आहे. सुरुवात कोठून करू? या अनुभवाचा पुढे नोकरीसाठी उपयोग होईल का? — एक स्वयंसेवक

उत्तर : संगणकापासून सुरुवात करू नका. आधी कपाटांना आणि फळ्यांना क्रमांक द्या आणि कोणती वस्तू कोणत्या फळीवर आहे, एवढीच यादी करा. ही यादी हाती आली की जुन्या वहीशी ताडून पाहा. ज्या वस्तूचा जुना क्रमांक सापडतो, तिला तोच राहू द्या. तो कितीही गैरसोयीचा वाटला तरी बदलू नका, कारण जुनी पत्रे, पावत्या आणि छायाचित्रे त्याच क्रमांकाला बांधलेली असतात. जिचा काहीच पत्ता लागत नाही, तिला वेगळ्या खुणेचा तात्पुरता क्रमांक द्या. नव्याने येणाऱ्या वस्तूंसाठी वर्ष, त्या वर्षातील कितवी आवक आणि तिच्यातील कितवी वस्तू, अशी तीन भागांची रीत सोपी आहे : २०२४.७.३ म्हणजे २०२४ मधील सातव्या आवकेतील तिसरी वस्तू.

क्रमांक लिहिताना तो सहज पुसला जाऊ नये, पण गरज पडली तर वस्तूला इजा न करता काढता यावा, हे पाहावे. धातू किंवा चिनी मातीवर पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर देऊन त्यावर शाईने लिहितात आणि वरून पुन्हा थर देतात. कापडाला क्रमांक लिहिलेली सुती फीत टाक्यांनी शिवतात. कागदावर मऊ पेन्सिलच वापरतात. चिकटपट्टी कोठेही लावू नये. तिने केलेले डाग काढण्यात जतनतज्ज्ञांचे किती आयुष्य जाते, ते मी पाहिले आहे.

पुढच्या टप्प्यासाठी दोन गोष्टी वाचा. ‘स्पेक्ट्रम’ हे ब्रिटनमधील संग्रह-व्यवस्थापनाचे मानक १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याच्या पाचव्या आवृत्तीत २१ कार्यपद्धती असून त्यांतील ९ प्राथमिक मानल्या आहेत, आणि तुम्हाला त्या नऊच पुरेत. भांडार विस्कळीत असेल, तर रोम येथील ‘इक्रॉम’ या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लहान संग्रहालयांसाठी तयार केलेली ‘री-ऑर्ग’ पद्धती पाहा. व्यवस्थापन, इमारत व जागा, संग्रह, आणि फर्निचर व लहान उपकरणे अशा चार अंगांनी ती भांडाराकडे पाहायला शिकवते.

नोकरीसाठी या अनुभवाचा निश्चित उपयोग होतो, मात्र तो दाखवता आला पाहिजे. कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे, तुम्ही ठरवलेले नियम, झालेल्या चुका आणि त्या कशा निस्तरल्या, यांची टिपणे विश्वस्तांच्या परवानगीने ठेवा. देणगीदारांचे पत्ते आणि वस्तूंच्या जागा मात्र त्या टिपणांत येऊ देऊ नका. शिकण्यासारखे काही उरले नाही आणि काम मात्र रोज वाढते आहे, असे झाले, तर मानधनाचा विषय संकोच न करता काढा.

प्रश्न : मी रसायनशास्त्राची पदवी घेत आहे. या क्षेत्रात मला स्थान आहे का? — एक विद्यार्थी

उत्तर : आहे, आणि तुमची गरजही आहे. धातूचा गंज, कागदातील आम्लता, रंगांचे फिके पडणे हे सगळे रसायनशास्त्राचेच विषय आहेत. जतनाचे शिक्षण मात्र पदवीनंतर स्वतंत्रपणे आणि अनुभवी जतनतज्ज्ञाच्या हाताखाली घ्यावे लागते. पुस्तक वाचून वस्तूवर प्रयोग कदापि करू नयेत. आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात असू द्या. पूर्वी किडीपासून बचाव म्हणून पेंढा भरलेल्या प्राण्यांना आणि पक्ष्यांना आर्सेनिक लावत असत आणि ते अजूनही त्यांच्या पिसांत व कातड्यात असते. असा जुना नमुना हाताळण्यापूर्वी त्याची तपासणी झाली आहे का, हे विचारा. तोवर तो विषारी आहे असे समजून नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय त्याला स्पर्श करू नका.