फेडरल जज व्हायचंय, पण परीक्षा कुठली?

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. मुलगी रटगर्समध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. जन्म इथलाच. तिला फेडरल डिस्ट्रिक्ट जज व्हायचंय. माझी भाची पुण्यात एमपीएससीची न्यायाधीशपदाची परीक्षा देते आहे. इथे तशी परीक्षा कोणती? – एक आई

उत्तर : ताई, तशी परीक्षाच नाही. फेडरल डिस्ट्रिक्ट जज म्हणजे खटला पहिल्यांदा चालतो त्या केंद्रीय ट्रायल कोर्टाचा जज. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात होते. राज्यघटनेत ना वयाची अट, ना पदवीची. पण अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची, सुचवलेल्या नावांची पात्रता तपासणारी समिती साधारण 12 वर्षांची वकिली धरून चालते. देशभरात जागा पावणेसातशेच्या आसपास, आणि प्रथेनुसार तुमच्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांचा होकार लागतो. जागा कधी रिकामी होईल आणि तेव्हा सत्तेवर कोण असेल, हे कुणाच्याच हातात नाही. त्यामुळे आखणी कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाची करा, जजची नको.

एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा, तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी, मग वकिलीच्या सनदेसाठी बारची परीक्षा, हे ठरलेलं. लॉ स्कूल जीपीए आणि एलसॅट आधी बघतं, म्हणून आत्ताचे गुण महत्त्वाचे. खरी चुरस असते ती लॉ क्लर्कशिपसाठी. जजच्या कार्यालयात एक-दोन वर्षं पक्षकारांनी खटल्यात केलेले अर्ज वाचायचे, टिपणं काढायची, आदेशांचे मसुदे लिहायचे. इथे जेडीच्या पहिल्या वर्षाचे गुण, प्राध्यापकांची शिफारस आणि स्वतः लिहिलेला नमुना लागतो. बरीच मुलं फक्त अपील कोर्टाच्या मागे लागतात. तिला ट्रायल कोर्टातली क्लर्कशिप मिळाली तर ती आधी घ्यावी. साक्षीपुरावे तिथेच बघायला मिळतात.

त्यानंतरची चूक जास्त महागात पडते. मोठ्या फर्ममध्ये पगार घसघशीत, पण बहुतेक दावे तडजोडीत मिटतात. दहा वर्षांत एकही उलटतपासणी न घेतलेले वकील तिथे भेटतात. जजपदासाठी नाव सुचवलं गेल्यावर भराव्या लागणाऱ्या सिनेटच्या प्रश्नावलीत मात्र निकालापर्यंत चालवलेले खटले किती, हे विचारतात. सर्वांत महत्त्वाच्या दहा प्रकरणांचा तपशील, अगदी विरुद्ध बाजूच्या वकिलांच्या नावांसकट, द्यावा लागतो. सहायक यू. एस. अॅटर्नी (केंद्र सरकारची वकील) किंवा फेडरल पब्लिक डिफेंडर (वकील न परवडणाऱ्या आरोपींची सरकारी खर्चाने वकील) झाली तर हा अनुभव लवकर मिळेल. पहिल्या प्रकरणापासून या तपशिलांची वही ठेवायला सांगा. लेख, भाषणं यांचीही यादी मागतात.

रीतसर अर्ज करता येतो तो मॅजिस्ट्रेट जजच्या, म्हणजे डिस्ट्रिक्ट जजना कामात मदत करणाऱ्या जजच्या जागेसाठी : किमान 5 वर्षांची सनद, मुदत 8 वर्षं, निवड डिस्ट्रिक्ट जजच करतात. न्यू जर्सीचेच झाहिद कुरेशी 2019मध्ये मॅजिस्ट्रेट जज झाले आणि 2021मध्ये डिस्ट्रिक्ट जज.

डिस्ट्रिक्ट जजचा वार्षिक पगार 2025मध्ये 2,47,400 डॉलर होता. बड्या फर्मचा भागीदार याच्या कितीतरी पट कमावतो, तेव्हा शिक्षणकर्जाचा हिशेब आधी मांडा. कामात खटले चालवण्यापेक्षा पक्षकारांच्या अर्जांचं वाचन जास्त. सहा महिन्यांहून जास्त रखडलेले अर्ज जजच्या नावानिशी जाहीर होतात. पक्षीय राजकारण, देणग्या गोळा करणं बंद. शिक्षा सुनावण्याचं ओझं वेगळंच.

ते तिला पेलवेल का, हे आत्ताच बघता येईल. नेवार्क किंवा ट्रेंटनच्या फेडरल कोर्टात शिक्षेची सुनावणी सहसा कुणालाही बसून ऐकता येते. या सुट्टीत तिने चार-पाच तरी ऐकाव्यात, आरोपीचे नातलग बसतात त्या बाकांवर बसून.